एक वाजताची हाक

नबीलने येताना मिठाई आणली नाही, थर्मामीटर आणला.

पिशवीतून काढून त्याने तो मधल्या खोलीतल्या खिळ्याला, बरोबर अम्मीच्या पलंगाच्या वर टांगला आणि खाली बसून घाम पुसत त्याच्याकडे बघत राहिला. मेहजबीन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हा तिचा धाकटा दीर. घरी आला की आधी भांड्यांवरची झाकणं उघडून बघणार आणि मग चपला काढणार, ही त्याची लहानपणापासूनची रीत. आज डाळ-मटणाच्या डालच्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता, तरी त्याने स्वयंपाकघराकडे ढुंकून पाहिलं नाही. तेव्हाच तिला कळलं, हा आज जेवायला आलेला नाही, घेऊन जायला आलाय.

"थर्मामीटर माणसाला लावतात," तिचे सासरे नियाज पलंगावर मांडी घालून बसले होते, ते म्हणाले. "भिंतीला कधीपासून ताप यायला लागला?"

"खोलीचा आकडा बघायचाय, अब्बा. आकडा बघू आणि मग बोलू."

"मग बोलू म्हणतोस. ठरवून तर घरूनच आला आहेस."

ते खरं होतं. खराडीला नवव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. शेजारचा फ्लॅट एक मेपासून रिकामा होत होता आणि मालकाला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं की अम्मी, अब्बा, थोरला आमीर आणि मेहजबीन, सगळ्यांनी पोरींसकट तिकडे जायचं आणि येरवड्याच्या या पत्र्याच्या तीन खोल्यांना कुलूप. पुढच्या खोलीत मेहजबीनच्या चार शिलाई मशिनी होत्या. त्या सोसायटीत घरात मशिनी चालवायला परवानगी नाही, हेही नबीलने आमीरला फोनवर सांगून टाकलं होतं, तिसऱ्याच वाक्यात. वीस वर्षं लावून उभं केलेलं तिचं काम. गल्लीतल्या तीन बायका तिच्याबरोबर शिवायला बसायच्या. ते सगळं एका वाक्यात गेलं.

आणि तरी तिला नबीलशी भांडता येत नव्हतं. मागच्या मे महिन्यात याच मधल्या खोलीत अम्मी, म्हणजे तिच्या सासूबाई कमरजहां, उन्हाच्या तडाख्याने कोसळल्या होत्या. मेहजबीन अस्तराचं कापड आणायला रविवार पेठेत गेली होती. पोरी शाळेच्या सुट्टीत मामाकडे, आमीर कामावर, अब्बा नमाजनंतर मशिदीच्या गार फरशीवर टेकलेले. दुपारी एक ते चार, तीन तास, अम्मी तापल्या पत्र्याखाली एकट्या पडून होत्या आणि गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. पाच दिवस दवाखान्यात काढले, बऱ्या होऊन आल्या. पण त्या दिवसापासून नबील मेहजबीनशी नीट बोलला नव्हता. वाकडा शब्द एक नाही, नुसतं डोळ्याला डोळा देणं बंद. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वर्षभर वाटत होतं. वर्षभरात ती बारा ते चार या वेळात एकदाही घराबाहेर पडली नव्हती.

पण ती नुसती कपाळाला हात लावून बसली होती, असं कुणी समजू नये. दवाखान्यातून अम्मी आल्या त्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "अब्बा, हा पत्रा गार करायला काही येतं का तुम्हाला?" नियाज म्हणजे पंचेचाळीस वर्षं पुण्यातल्या भिंती पांढऱ्या करणारा माणूस. गुडघे गेले आणि कुंचा खाली ठेवला, त्याला आठ वर्षं झाली होती. म्हातारा आधी भडकला. "पत्र्याला सफेदी? ती काय भिंत आहे?" मग रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी उठून म्हणाला, "डिंक आण. आणि पांढरं सिमेंट. नुसता चुना पत्र्याला धरत नाही, पहिल्या पावसात निघून जाईल."

झालं. पिंपात कळीचा चुना विरायला पडला आणि नियाजमियांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. स्वतःला शिडी चढता येत नव्हती, म्हणून खाली खुर्ची टाकून बसायचे आणि वर चढलेल्या बायकांवर ओरडायचे. "कुंचा असा धरतात? तो खराटा आहे का? एक हात उभा, एक हात आडवा!" आधी स्वतःचं घर, मग शेजारचं, आणि होळीपर्यंत गल्लीतले एकतीसच्या एकतीस पत्रे पांढरेशुभ्र. तेवढ्यावर मेहजबीन थांबली नाही. घरोघरच्या जुन्या साड्या मागून आणल्या, जोडून लांबच लांब पट्टे शिवले आणि या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत गल्लीवर आडवे बांधले. कुणाच्या लग्नातली साडी कुणाच्या दारावर आली यावरून दोन दिवस चर्चा झाली, पण सावली पडली. शिवणकामाची वेळ तिने पहाटे साडेपाच ते अकरा करून टाकली. पलीकडच्या ओळीत राहणाऱ्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या कुसुमताई म्हणाल्या, "बरं झालं हो. आता गजराला सेल घालायला नकोत." म्हणजे झोपमोड होते असं म्हणायचं होतं त्यांना, पण पुढच्याच आठवड्यात काज-बटणाला बसायला त्या स्वतः पहाटे हजर.

साडेबाराला मिसबा आली. ही नणंद, घरातलं शेंडेफळ, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात नर्स. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच लावून आली आणि हेल्मेट काढता काढता म्हणाली, "भाभी, काय मस्त दिसतंय गं सगळं! साड्यांखालून चालत आले, वाटलं कुणाचं तरी लग्न आहे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस ते सांग आधी," आमीर म्हणाला. तो फ्रिज-कूलर दुरुस्त करतो. रविवार असल्यामुळे घरी होता आणि घरी असल्यामुळे वैतागलेला होता. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची पाळी आली की तो पान्हा घेऊन काहीतरी उघडून बसतो. आत्ता त्याने टेबलफॅन उघडला होता.

मिसबाचा चेहरा पडला. "नबीलभाईच्या. सॉरी भाभी. पण मी रोज बघते ना. एप्रिलमध्येच आमच्याकडे उन्हाने आजारी पडलेली म्हातारी माणसं यायला लागलीत."

मेहजबीन वळली. आत जाऊन भात बघून आली. तो आधीच शिजला होता.

नबील उठून थर्मामीटरजवळ गेला. "छत्तीस."

"बाहेर?" अब्बांनी विचारलं.

"मोबाईल चाळीस सांगतोय."

"मोबाईलचं जाऊ दे. मागच्या गल्लीत तुझा शाळेतला मित्र आहे ना, विश्वजीत? त्याच्या पत्र्याला चुना नाही. त्याच्या मधल्या खोलीत हा टांग, आकडा बघ आणि ये."

नबील खरोखरच गेला. हट्टी असला तरी आकड्यांच्या बाबतीत पोरगा प्रामाणिक. पंधरा मिनिटांनी परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

"साडेएक्केचाळीस," तो म्हणाला.

आमीरच्या हातातला पान्हा थांबला. मिसबाने भावाकडे बघितलं, मग वर पत्र्याकडे. "साडेपाचाचा फरक? नबीलभाई, साडेपाच म्हणजे कमी नाही हां."

"कमी नाही, कबूल," नबील म्हणाला. "पण मिसबा, उन्हाने माणूस पडतं ते एकटं असलं की पडून राहतं. तिकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, मी शेजारी आहे. इथे चुना उठून हॉस्पिटलात नेणार आहे का?"

याला मेहजबीनकडे उत्तर होतं. पण 'एकटं' हा शब्द त्याने तिच्याकडे न बघता उच्चारला आणि ती ताटं पुसायला लागली.

"चला, दस्तरखान घाला," अम्मी म्हणाल्या. इतका वेळ त्या एका कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होत्या, जसं काही बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

मोठा निर्णय असला की या घरात एक पद्धत आहे. जेवण जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मांडायचं, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि बोलणं संपल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. समोर डालचा असला की कुणी पाल्हाळ लावत नाही. आणि बोलायचं धाकट्यापासून, सगळ्यात मोठ्याने सगळ्यात शेवटी. नियाजच्या वडिलांनी घालून दिलेला हा नियम. ते सफेदीवाल्यांच्या टोळीचे मुकादम होते आणि म्हणायचे, मुकादम आधी बोलला की बाकीचे नुसती मान डोलवतात.

पोरी आजही मामाकडे होत्या, म्हणून आधी मिसबा बोलली. "मला आकडा पटला. पण भीती वाटते. माझं मत खराडी."

मग नबील. त्याने पाठ करून आणल्यासारखं सगळं सांगितलं. लिफ्ट, जनरेटर, खाली औषधाचं दुकान, दहा मिनिटांवर हॉस्पिटल. "मला दुसरं काही नको," शेवटी तो म्हणाला आणि आवाज जरा कापला. "परत तसा दिवस नको."

आता मेहजबीनची पाळी. तिने पदर सारखा केला, तोंड उघडलं, आणि अम्मी उठून उभ्या राहिल्या.

"थांब जरा. एक वाजला."

"अम्मी, आत्ता?" नबील म्हणाला. "महत्त्वाचं बोलणं चाललंय."

"हे पण महत्त्वाचं आहे," म्हणत त्या उंबऱ्यावर गेल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि गल्लीत खणखणीत आवाज टाकला, "पाणी प्यायलात का?"

शेजारच्या घरातून उत्तर आलं, "प्यायलो!" आणि लगेच त्या घराने पुढच्या घराला विचारलं, "पाणी प्यायलात का?"

नबीलला कळेना. मिसबाने मेहजबीनला खुणेने विचारलं, हे काय. मेहजबीनने हळू आवाजात सांगितलं. फेब्रुवारीपासून रोज दुपारी एक वाजता अशी हाक फिरते. प्रत्येक घराने उत्तर द्यायचं आणि पुढच्याला विचारायचं. या बाजूच्या ओळीने खाली जाते, त्या बाजूच्या ओळीने वर येते आणि सात मिनिटांत समोरच्या घरातून परत आपल्याकडे. सुरुवात अम्मींनी करायची, असं गल्लीनेच ठरवलं होतं. कुठे उत्तर आलं नाही की हाक तिथेच थांबवायची आणि शेजाऱ्याने जाऊन बघायचं.

"हे कुणी काढलं?" नबीलने विचारलं.

"मी," मेहजबीन म्हणाली.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच, आणि मग डालच्याकडे. "आणि याच्यावर भरवसा ठेवायचा? लोक दोन महिने हौसेने ओरडतात, भाभी. मग कंटाळतात."

हाक लांब गेली. बायकांचे आवाज, मधूनच एखाद्या पुरुषाचा घोगरा, कुणाच्या तरी पोराचा किंचाळलेला 'प्यायलो', त्यावर हसणं. गल्लीच्या टोकाला जाऊन हाक वळली. पलीकडच्या ओळीत आली. आणि मग काही नाही.

अम्मी उंबऱ्यावर उभ्याच होत्या. पाच मिनिटं झाली. सात झाली. आमीरने उघडा पंखा बाजूला सारला.

"आली नाही," अम्मी म्हणाल्या.

सगळ्यात आधी कोण उठलं असेल? नबील. ताट ओलांडून, चपला न घालता, गल्लीत. त्याच्यामागे मिसबा, मेहजबीन, आमीर, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी अब्बासुद्धा. "कुठे तुटली? कुठे तुटली?" नबील प्रत्येक दारात विचारत होता आणि दारादारातून माणसं बाहेर येत होती. "इथून गेली पुढे." "आम्ही दिली की." हातात पाण्याचे तांबे, ओले टॉवेल, एकाच्या हातात बर्फाचा ट्रे. हे सगळं आधीच ठरलेलं होतं. कुणी काय आणायचं ते मेहजबीननेच लिहून दारादारात चिकटवलं होतं. पण अशी वेळ आजपर्यंत आली नव्हती. 

कुसुमताई शेजारच्या बंद दारासमोर उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "तीनदा विचारलं. ओ नाही. आतून कडी आहे."

ते घर आनंदीबाईंचं. सत्तरीची बाई, एकटी राहणारी. मुलगा सौदीला.

नबीलने दारावर दोन्ही हात आपटले. "मावशी! दार उघडा! ऐकू येतंय का? मावशी!" आतून काही नाही. त्याने खांदा लावला. आमीर पहार आणायला धावला. मिसबाने ओला टॉवेल पिळून तयार ठेवला. चाळीस माणसं त्या दारासमोर जमली. "उघडा ना!" नबील ओरडला, आणि मग आवाज फाटून, "अम्मी! अम्मी, दार उघड!"

तो काय म्हणाला हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं. मेहजबीनला कळलं. तिने सासूकडे पाहिलं. त्या तिथेच मागे उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

कडी वाजली. दार उघडलं. आत आनंदीबाई उभ्या, धडधाकट, हातात ताकाचा पेला आणि वरच्या ओठावर ताकाची मिशी.

"काय धाड भरलीया समद्यांला?" त्यांनी विचारलं. "दार मोडताय व्हय माजं?"

नबील भिंतीला टेकला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. "मावशी, ओ का नाही दिली?" मिसबा रागाने लाल झाली होती.

"दिली आसती. पन हाक मारली कुनी? तिनं." त्यांनी पेला कुसुमताईंच्या दिशेने हलवला. "आज सकाळपास्नं म्या तिच्याशी बोलत न्हाई. माज्या पत्र्यावर पट्टं दिसत्यात म्हनली. समद्यांच्या म्होरं म्हनली!"

"दिसतात म्हणून म्हटलं," कुसुमताई म्हणाल्या. रंग परत आला होता आणि रंगाबरोबर जीभही. "खोटं बोलायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. आता पाटी लावते, 'येथे पत्र्यांची स्तुती केली जाते.'"

"बगा! आसं बोलती!"

"मी तुम्हाला मेलेल्या समजले होते, आनंदीबाई."

"मग दोन आसवं तरी गाळायची!"

आता हसावं की रागवावं? गल्लीने दोन्ही केलं. मग कुणीतरी म्हणालं, नियाजभाईंनीच सांगावं काय ते. म्हातारा दोन्ही पत्र्यांकडे मान वर करून बघत राहिला. कसलेला कारागीर, घाई करणार नाही.

"आनंदीबाईंच्या पत्र्यावर पट्टे आहेत," तो म्हणाला. कुसुमताईंनी मान ताठ केली. "कुसुमताईंच्या पत्र्यावर त्याहून जास्त आहेत."

गल्ली खो खो हसली. आनंदीबाईंनी इतकं हसून घेतलं की ताक सांडलं. मेहजबीनला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, दोन्ही एकत्रच आलं, आणि तिने पदर तोंडाला लावला.

"ऐका सगळे," अम्मी म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून लोक गप्प झाले. "भांडा. भांडायला कुणाची ना नाही. पण एकला भांडण थांबवायचं. सव्वाला परत सुरू करायचं."

"आन् सव्वाला म्या इसरले तर?" आनंदीबाई म्हणाल्या.

"मी आठवण करीन," कुसुमताई म्हणाल्या. मग घसा साफ करून, सरकारी पत्रातल्यासारख्या अदबीने त्यांनी विचारलं, "आनंदीबाई, आपण पाणी प्यायलात का?"

आनंदीबाईंनी पेला उलटा करून दाखवला. "ताक प्याले!" आणि पुढच्या घराकडे तोंड करून हाक पुढे सोडली. हाक चालायला लागली. तिच्यामागून लोकही आपापल्या दाराकडे पांगले.

नबील आनंदीबाईंच्या दाराच्या पायरीवर बसला होता. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"नऊ मिनिटं," तो म्हणाला. "हाक सुटल्यापासून नवव्या मिनिटाला चाळीस माणसं या दारात होती, बर्फ घेऊन." मग म्हणाला, "माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. समोरच्याचं नाव दारावर पाटीवर आहे. मी अजून वाचलेलं नाही."

घरी आल्यावर डालच्यावर साय धरली होती. अम्मींनी आपल्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम एका वाक्यात मोडला. "आधी जेवा. भुकेल्या माणसांचं मत मी ऐकणार नाही." सगळे तुटून पडले. नबीलने तीनदा भात घेतला. तिसऱ्यांदा तो स्वतः उठला, पातेल्याचं झाकण उघडून आत डोकावला, आणि मेहजबीनला वाटलं, दीर घरी आला.

"मी माझं मत बदलते," बोटं चाटत मिसबा म्हणाली. "चालतं ना बदललेलं?"

"चालतं," अम्मी म्हणाल्या. "नबील?"

नबील ताटाकडे बघत बसला.  मग म्हणाला, "त्या दिवशी अम्मीने मला फोन केला होता."

आमीरने ताट बाजूला सारलं.

"एक वाजून दहा मिनिटांनी. आणि परत एक बाराला. मी मीटिंगमध्ये होतो. कट केला. दोन्ही वेळा. म्हटलं, अम्मी काय, जेवलास का विचारायला फोन करते." त्याने डोळे पुसले नाहीत, तसंच वाहू दिलं. "पाच वाजता उलटा फोन लावला तेव्हा दादाने उचलला आणि सांगितलं हॉस्पिटलात आहोत. मी कुणाला सांगितलंच नाही. भाभी वर्षभर तोंड खाली घालून फिरते, मला दिसत होतं, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तुमची चूक नव्हती, भाभी. तीन तास तुमच्यामुळे गेले नाहीत."

 वर्षभर ज्या डोळ्यांत तिने आपला गुन्हा वाचला होता, ते डोळे स्वतःचाच लपवत होते तर. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, सपाटून आला. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती सासूकडे वळली.

"अम्मी, फोन तुम्ही लावला होता. तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"आणि वर्षभर मला असं जळू दिलंत?"

कमरजहां पहिल्यांदाच गोंधळल्या.  "मला वाटलं, सांगितलं तर हा मोडून पडेल," त्या म्हणाल्या. "तू भक्कम आहेस. तू उठून चुना लावलास, साड्या बांधल्यास. मला वाटलं, हिला काही झालेलं नाही." त्यांनी हात पुढे केला आणि सुनेच्या गालावर ठेवला. "चुकलं माझं, बेटा. तुझ्याकडेही बघायला हवं होतं."

मेहजबीनने तो हात काढला नाही. दोघी तशाच बसल्या. मिसबाने मोठ्याने नाक शिंकरलं आणि आमीर पान्हा शोधायला लागला, तेव्हा मेहजबीनला हसू फुटलं.

"माझी पाळी राहिलीय," ती म्हणाली.

"बोल," आमीर म्हणाला.

"मला इथे राहायचंय. अम्मींसाठी नाही, अब्बांसाठी नाही. माझ्या मशिनी इथे आहेत, माझ्या बायका इथे आहेत. सकाळी साडेपाचला चारी मशिनी सुरू झाल्या की मला माझ्यासारखं वाटतं. आणि या गल्लीत जे करता आलं ते मला पुढेही करायचंय. त्या मागच्या गल्लीचे पत्रे तसेच तापतायत. माझं मत इथेच."

इतकं सलग ती या दस्तरखानावर कधी बोलली नव्हती. बावीस वर्षं तिची पाळी आली की ती म्हणायची, जे सगळ्यांचं ते माझं, आणि वाढायला उठायची.

"मग माझंही तेच," आमीर म्हणाला. "आणि हे भावावरच्या रागाने नाही. बायकोच्या भीतीने आहे."

"अम्मी?" मिसबाने विचारलं.

"नवव्या मजल्यावरून हाक कुणाला मारू? कबुतरांना?" अम्मी म्हणाल्या. मग नबीलकडे वळून, "पण तू पुढच्या रविवारी ये. विश्वजीतच्या गल्लीत शिडी चढायला माणूस हवंय. फोन उचलला नाहीस, आता कुंचा उचल."

नबील रडता रडता हसला. "येतो. कुंचा धरायचा कसा ते कोण शिकवणार?"

"अब्बा," मिसबा म्हणाली. "अब्बा, आता तुमचं राहिलं. शेवटचं तुमचं."

उत्तर आलं नाही.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नियाजमियां पलंगावर आडवे झाले होते, उताणे, हात पोटावर, तोंड जरासं उघडं. घोरत होते. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, दुपारचे अडीच वाजले होते, आणि या पत्र्याखाली त्र्याहत्तर वर्षांचा माणूस गाढ झोपला होता. मागच्या वर्षी या वेळेला या खोलीत पलंगाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता.

"झालं मत देऊन," अम्मी कुजबुजल्या. "हळू बोला."

मग मिसबाने उशी ओढली. आमीर पंखा तसाच उघडा ठेवून भिंतीशी कलंडला. अम्मी खाली सतरंजीवर पडल्या आणि सुनेला खूण केली, ये. मेहजबीन भांडी घासायला निघाली होती. ती थांबली, हात पुसले आणि सासूशेजारी पडली. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही. डोळे मिटता मिटता तिला नबीलचा दबका आवाज ऐकू आला. उंबऱ्यात उभा राहून तो फ्लॅटच्या मालकाशी बोलत होता.

"हो, मीच बोलतोय. नाही, नको आहे. घरच्यांना विचारलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो मागे वळला आणि खोलीभर पसरलेल्या माणसांकडे बघत राहिला.

"कारण काय सांगू?" तो अगदी हळू म्हणाला. "झोपलेत सगळे."